झोपवलेला डबा

दुकानाच्या काचेवर कागद चिकटवला होता : जुना गेमचा डबा द्या, नवा न्या. लेकीने तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि बापाकडे असं पाहिलं, की आता तुझी सुटका नाही.

सुटका खरंच नव्हती. मागच्या आठवड्यात मेव्हणी जेवायला आली होती. तिने हात धुता धुताच विषय काढला. "भाऊजी, पोरीला नवा डबा घेऊन द्या. आणि तो जुना द्या एकदाचा देऊन. कोपरा अडवून बसलाय." लेक ताटावरून मान न उचलता म्हणाली, "बाबा हो म्हणालाय." तो काही म्हणाला नव्हता. पण दोघींसमोर "मी हो म्हणालो नाही" असं म्हणायचं तर पुढे "का?" आलं असतं, आणि त्या "का?"ला त्याच्याकडे उत्तर असूनही देता येत नव्हतं. तेव्हा तो म्हणाला, "बघू." त्याच्या घरात "बघू"चा अर्थ नेहमी "हो" असाच लावला जायचा. ती सवय त्याच्या बायकोने लावून ठेवली होती.

लेक तेरा वर्षांची. घरात तिला भुंगा म्हणत, कारण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती कानाशी गुणगुणत राहायची. नव्या डब्याचं गुणगुणणं गेले दोन महिने चाललं होतं.

काउंटरमागचा दुकानदार बोलका होता. गिऱ्हाइकाच्या आधी तोच हसायचा.

"बोला साहेब. जुना कुठला आहे?"

भुंग्याने मॉडेल सांगितलं.

"चालू आहे ना?"

"चालू आहे," भुंगा म्हणाली.

"बिघडलाय," तो म्हणाला.

दोघांचं एकदमच आलं. दुकानदाराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "घरात बोलणं होत नाही वाटतं एकमेकांशी? असू दे. बिघडलेलाही चालतो. आम्ही त्याचे सुटे भाग काढतो."

"त्याची वायर हरवली आहे."

"वायरी आमच्याकडे टोपलीभर पडल्यात."

"मग असं करू," तो म्हणाला, "मी पूर्ण पैसे देतो. जुन्याचं राहू द्या."

"पैशाचा प्रश्न नाही हो साहेब. माल कमी आलाय. जुना आणेल त्याला आधी, असं वरूनच ठरलंय. रोखवाल्यांचा नंबर पुढच्या खेपेला. ती खेप कधी येईल ते मला विचारू नका, ते कंपनीलाही माहीत नाही."

"बाबा, काय चाललंय तुझं?" भुंगा दातांत बोलली.

दुकानदाराला वाटलं, आपल्याला अडचण कळली. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "खेळांची काळजी आहे का? पोरांनी मेहनतीने पुढे नेलेले असतात, मला माहीत आहे. सगळं नव्यात उतरवून देतो. फुकट."

बाप काउंटरवर पुढे वाकला. "सगळं?"

"सगळं."

"एखादा अर्ध्यात थांबवलेला असला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मध्येच. बंद न करता, नुसता झोपवून ठेवलेला."

"अहो, ते कसं उतरणार? खेळ स्वतः जिथे नोंद करतो तिथपर्यंतचं येतं. मधलं नाही. ते विजेवर तगलेलं असतं. वायर काढली की गेलं." दुकानदार हसला. "पण तसं ठेवतं कोण? रात्रभर ठेवला तर ठेवला. सकाळी पोरं परत बसतातच."

बाप काउंटरवरून मागे सरला. शेजारी भुंगा काचेखालच्या रंगीत खोक्यांकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते. आपल्या बापाची तिला लाज वाटतेय, असं त्याला वाटलं, आणि त्यात तिचं काही चुकतंय असंही वाटलं नाही.

"उद्या रविवार आहे, दुकान अर्धा दिवस उघडं," दुकानदार म्हणाला. "तोवर एक नग बाजूला ठेवतो. तुमच्यासाठी नाही हं. हिच्यासाठी."

बाप बॅटऱ्यांच्या कामावर होता. हॉस्पिटलं, बँका, मोठी ऑफिसं, जिथे वीज जाऊन चालत नाही, तिथे मागच्या एखाद्या कोंदट खोलीत बॅटऱ्यांची रांग असते. वीज गेली की त्या क्षणात भार उचलतात, वर कोणाला कळतही नाही. त्या बॅटऱ्या जिवंत ठेवणं हे त्याचं काम. लोक त्याला बॅटरीवाले म्हणायचे. घरी मात्र त्याचं नाव खांब होतं.

हे नाव बायकोने ठेवलेलं. डबा मूळचा भुंग्यासाठी आणलेला, पण त्यात दोघांनी मिळून खेळायचा एक खेळ होता आणि त्याची चटक लागली बायकोला. जेवणं झाली, भांडी झाली, की ती एक रिमोट त्याच्या मांडीवर टाकायची. निळी टोपी त्याची, लाल टोपी तिची. खेळात जागोजागी दगडी दारं होती. एकाने फरशीवर उभं राहायचं, म्हणजे दार उघडं राहतं आणि दुसरा आत जातो. फरशीवरून पाय निघाला की दार पडलं. उड्या मारणं, लटकणं, धावणं त्याच्या अंगठ्यांना जमत नसे. दोनदा त्याने तिलाच पाण्यात ढकलून दिलं होतं. तेव्हापासून फरशीवर उभं राहायची नेमणूक कायमची त्याची.

"ए खांबा, इथे उभा राहा. हलू नकोस."

तो उभा राहायचा. ते मात्र त्याला उत्तम जमायचं.

त्या संध्याकाळी तो असाच फरशीवर उभा होता. दारातून आत जायचं सोडून ती वरच्या कट्ट्यावर चढत होती, कारण तिथे दोन सफरचंदं होती आणि खेळातलं एकही सफरचंद मागे सोडायचं नाही असा तिचा नेम. चढायची आणि पडायची. शेवटी तो म्हणाला, "लवकर कर, माझा पाय दुखायला लागला." तो सोफ्यावर बसलेला. ती इतकी हसली की रिमोट हातातून पडला. मग तिने सफरचंदं घेतली, दारातून पलीकडे गेली, आणि कपाळ दाबून धरलं.

"डोकं फार दुखतंय रे. डबा झोपव. बंद नको करूस हं, नाहीतर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आलेच मी."

ती न्हाणीघरापर्यंत गेली आणि तिथेच खाली बसली. डोक्यात रक्तस्राव झाला होता, असं डॉक्टर म्हणाले. हॉस्पिटलमध्ये ती तीन दिवस होती, पण बोलली नाही. तिचं शेवटचं बोलणं ते डब्याचंच.

सगळं आटोपून माणसं आपापल्या घरी गेली, तेव्हा त्याला कोपऱ्यात नारिंगी दिवा दिसला. डबा झोपलेला होता. त्याने तो बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना तो एक चांगली बॅटरी घेऊन आला आणि डब्यामागे बसवली. भिंतीतल्या बटणावर हॉस्पिटलात लावतात तो लाल कागद चिकटवला : भार चालू आहे, हात लावू नये.

मग घर त्या कागदाभोवती फिरायला लागलं. भिंतींना रंग द्यायचा राहिला, कारण डब्याचं कपाट हलवावं लागलं असतं. झाडू मारणाऱ्या बाई त्या कोपऱ्यात गेल्या की तो खुर्चीतून उठायचा. डब्यावर दुसरा खेळ लावला तर आतला बंद होतो, म्हणून भुंग्याने डब्याला हात लावणं सोडलं. ती खेळायला मैत्रिणीकडे जायची. कंपनीने मोठ्या शहरात जागा देऊ केली, राहायला घरासकट. तो म्हणाला, "लेकीची शाळा आहे." लेक तेव्हा दारातच उभी होती. तिने ऐकलं आणि आत निघून गेली.

टीव्ही लावून एकदा बघावं, असं त्याला रोज वाटायचं. पण त्याने कधी बघितलं नाही. एक चुकीचं बटण दाबलं गेलं की संपलं. कामावर त्याने पाहिलं होतं, शहाणीसुरती माणसं नुसती बघायला म्हणून हात लावतात आणि अख्खा मजला अंधारात घालतात. शिवाय आत ती उभी आहे हे ठाऊक असणं एक आणि समोर पाहणं वेगळं. तो दिव्यावरच भागवायचा. रात्री उठला की कोपऱ्याकडे नजर टाकायची, दिवा आहे, परत झोपायचं. असं वर्ष सरून गेलं होतं.

दुकानातून आल्यावर संध्याकाळभर तो पळवाटा शोधत राहिला. कोणाचा तरी तसलाच जुना डबा मिळाला तर तो द्यायचा आणि हा ठेवायचा. त्याने तिघांना फोन केले. एकाने डबा कधीच विकला होता, दुसऱ्याच्या डब्यावर पोराने पाणी ओतलं होतं. तिसऱ्याने विचारलं, "जुना कशाला हवाय? उद्या एक्स्चेंज आहे ना?" मग मेव्हणीचा फोन आला. "दिला का डबा? भाऊजी, रागावू नका, पण पोरगी त्या घरात पाय वाजवायलाही घाबरते." तो म्हणाला, "उद्या देतोय." फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आता दुकानदार, मेव्हणी आणि भुंगा, तिघांनाही उद्याचा शब्द गेला.

रविवारी सकाळी भुंगा आंघोळ करून तयार बसली होती. डबा ठेवायला तिने कापडी पिशवीही काढून ठेवली होती.

"देण्याआधी एकदा बघतो," तो म्हणाला.

"काय?"

"आत काय आहे ते."

भुंगा एकदम उभी राहिली. "कशाला बाबा? दुकान बंद होईल."

"अर्धा दिवस उघडं आहे."

"मग रांग असेल. नकोच ना बघायला. तुला त्रास होईल."

त्याने ऐकलं नाही. दोन्ही रिमोट तो महिन्याच्या महिन्याला चार्ज करून ठेवायचा. निळी पट्टी चिकटवलेला त्याने हातात घेतला, टीव्ही लावला आणि अंगठ्याने मधलं बटण दाबलं. नारिंगी दिवा पांढरा झाला. आतला पंखा घरघरला. पडद्यावर आधी काहीच नव्हतं, आणि मग सगळं होतं. हिरवं गवत, दगडी भिंत, उघडं दार. फरशीवर निळी टोपी. दारापलीकडे लाल टोपी.

तो सोफ्याच्या कडेला बसला. बराच वेळ त्याला एवढंच दिसलं, की ती आहे.

मग दिसलं की तिचं तोंड त्याच्याकडे आहे.

ती कधी मागे बघायची नाही. दार उघडलं की लाल टोपी पळत सुटायची आणि त्याला नेहमी तिची पाठच दिसायची. यावरून त्यांचं भांडणही व्हायचं. "जरा थांब की माझ्यासाठी." "खांब का कुठे पळून जाणार आहे?" त्या संध्याकाळीही पाठच होती. त्याने पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात पाहिलं. कट्ट्यावर दोन सफरचंदं होती. लाल, गोल, चमकत होती.

"सफरचंदं राहिली आहेत," तो म्हणाला.

"कुठे?"

"वर. त्या कट्ट्यावर."

"जाऊ दे ना बाबा. तिथे कोण चढणार दोन दोन रिमोट धरून..."

भुंगा थांबली. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"एकटीने केलंस?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली.

"कधी?"

"तू हॉस्पिटलच्या कामाला दोन दिवस बाहेर होतास ना, परीक्षेच्या आधी. मावशी बाजारात गेली होती. मला फक्त बघायचं होतं. मी बघत होते आणि चुकून ते गोल बटण दाबलं गेलं, मग डब्याने विचारलं, बंद करू का, मी नाही म्हणायला गेले आणि..." तिने कापडी पिशवी हातात घेतली. "मग रोज शाळेतून आल्यावर. तू यायच्या आत. इथपर्यंत यायला फार दिवस लागले."

तो उठून स्वयंपाकघरात गेला. नळ सोडला, त्याखाली हात धरून उभा राहिला. आधी राग आला, आणि तो चांगलाच आला. झाडूवाल्या बाईंना आपण काय काय बोललो ते त्याला आठवलं. घरासकट मिळणारी जागा आठवली. रात्री रात्री उठून बघितलेला दिवा आठवला. आत काही नव्हतंच. रिकाम्या खोलीला कुलूप लावून आपण बाहेर पहारा देत होतो.

मग त्याला दिसलं की पहारा आपण एकटेच देत नव्हतो. "बाबांच्या त्या वायरीला हात लावू नका," असं बाईंना सांगणारी भुंगा. मैत्रिणी आल्या की त्या कोपऱ्यासमोर मुद्दाम खुर्ची ओढून बसणारी भुंगा. आपण नुसते अडकलो होतो. ती अडकली होती आणि तिला हेही माहीत होतं की कशासाठी अडकलोय ते आता राहिलेलंच नाही. दोन महिने कानाशी गुणगुणत होती ती नव्या डब्यासाठी नव्हे, हा जुना घरातून जावा म्हणून.

त्याने नळ बंद केला. हात न पुसताच तो बाहेर आला. भुंगा तिथेच उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"निळ्याला कसं उभं केलंस?"

"त्याला नुसतं आणून ठेवायचं असतं," ती हळूच म्हणाली. "तो सोपा आहे."

"आणि तिचं तोंड असं का?"

"माझ्याकडून फिरलं. सरळ करणार होते. मग म्हटलं, राहू दे."

तो बसला. सोफ्यावरचा लाल पट्टीचा रिमोट उचलून त्याने तिच्यापुढे धरला.

"घे. आधी ती सफरचंदं काढ."

"आता?"

"ती सोडून कशी जायची? मी उभा आहे."

भुंगा त्याच्या शेजारी टेकली. लाल टोपी दारातून परत अलीकडे आली, भिंतीला लटकली आणि पडली. परत लटकली, परत पडली.

"तू जोरात दाबतेस," तो म्हणाला.

"तू नको शिकवूस. तू पाण्यात ढकलायचास आईला, मी पाहिलंय."

"तू तेव्हा झोपलेली असायचीस."

"तुम्ही दोघं एवढं ओरडायचात, कोण झोपणार?"

ती पुन्हा पडली. निळी टोपी फरशीवर तशीच. अंगठा तसाच एका जागी धरून त्याचा हात खरोखरच अवघडला होता.

"लवकर कर," तो म्हणाला, "माझा पाय दुखायला लागला."

भुंग्याने त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिला माहीत होतं. ती हसायला गेली आणि निम्म्यात ते हसणं मोडलं. तिने बाहीने नाक पुसलं, दोन्ही हातांनी रिमोट धरला, आणि लाल टोपी कट्ट्यावर चढली. एक सफरचंद. दुसरं सफरचंद. मग ती खाली उतरली आणि दारातून पलीकडे गेली. या वेळी पाठ करून.

"पुढे जायचं?" भुंग्याने विचारलं.

"नको. इथवरच होतं."

त्याने डबा झोपवला नाही. बंद करू का, असं पडद्यावर आलं, आणि त्याने हो केलं. मग गुडघ्यावर बसून भिंतीवरचा लाल कागद सोलून काढला. रंगासकट निघाला. बटण खाली केलं, वायर भिंतीतून ओढली.

डब्यावर नारिंगी दिवा पुन्हा लागला होता.

"बाबा, बंद केलास ना?" भुंगा वाकून म्हणाली. "मग हा का जळतोय?"

तो दिव्याकडे बघत राहिला. मग त्याला आठवलं. "बॅटरी. मीच लावलेली."

"किती वेळ चालते?"

"चांगली आहे. उद्या सकाळपर्यंत चालेल."

"धन्य आहेस," भुंगा म्हणाली. तिने अगदी आईचाच सूर लावला होता.

त्याने डब्यामागे हात घातला. बॅटरीची वायर घट्ट बसली होती. ती सुटू नये अशीच त्याने बसवली होती. दोनदा ओढून निघाली नाही. तिसऱ्यांदा निघाली, आणि दिवा गेला. काहीच आवाज झाला नाही. कोपरा आता नुसता कोपरा होता, आणि डब्यामागे भिंतीवर धुळीची एक चौकट.

भुंग्याने डबा उचलून पिशवीत ठेवला. दोन्ही रिमोट ठेवले. भिंतीतून काढलेली वायर गोळा करायला ओढली तर ती येईना. तिने पुन्हा ओढली आणि खाली पाहिलं.

तो उभा होता, हातात बॅटरीची वायर धरून, जिथे उठला तिथेच.

"बाबा," ती म्हणाली, "हल की आता. वायर तुझ्या पायाखाली आहे."